हरळी मेली कशी

लॉन मेलं की फोन सकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान येतो. माणूस चहाचा कप घेऊन अंगणात येतो, काल जरा फिकट वाटत होतं ते आज सरळ पिवळं दिसतं, आणि ज्याचं बिल सगळ्यात ताजं असतं त्याच्यावर पहिला राग निघतो. तो मी. बावीस वर्षं पुणे आणि आसपासच्या बंगल्यांत, सोसायट्यांत, कंपन्यांच्या आवारांत आणि मंगल कार्यालयांत हिरवळ लावून देण्याचा धंदा करतो आहे. जगलेल्या हिरवळीबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. ती लावली, ती वाढली, लोक विसरले. जे काही शिकलो ते मेलेल्या हिरवळीकडून, आणि त्यातली बरीचशी मीच मारलेली होती.

पुण्यात लागणारं बरंचसं लॉन सोलापूर रस्त्याकडून येतं. उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या बाजूला रोपवाटिकांच्या रांगाच्या रांगा आहेत. तिकडच्या शेतांत मेक्सिकन, सिलेक्शन वन असं गवत वाढवतात. ऑर्डर आली की फावड्यानं दीड-दोन फुटी तुकडे काढायचे, खाली जेमतेम इंचभर माती ठेवायची, एकावर एक रचून टेम्पोत घालायचे. त्या इंचाखालची मुळं तिकडेच शेतात राहतात. दारात उतरतं तेव्हा गवत हिरवंगार असतं, पण ते हिरवेपण उसन्या पाण्यावरचं. नवी मुळं फुटून खालच्या मातीत उतरायला दोनेक आठवडे लागतात, थंडीत जास्तच. त्या दिवसांत जे घडतं ते पानांवर दिसायला पुढं वेळ लागतो. म्हणून ‘काल काय झालं?’ हा प्रश्न बहुतेक वेळा फुकट जातो. लॉन आधीच गेलेलं असतं, बातमी उशिरा लागते.

पहिली चार-पाच वर्षं माझ्याकडे दोनच निदानं होती. पाणी कमी पडलं, किंवा पाणी जास्त झालं. दोन्हींत चूक गिऱ्हाइकाची. गिऱ्हाइकाकडे एकच निदान असायचं, माल खराब. या दोन टोकांच्या मध्ये आम्ही बिलाच्या रकमेवर भांडायचो आणि मेलेलं गवत तसंच पडून राहायचं. जमिनीत कुणी बघायचंच नाही.

मला जमिनीकडे वळवलं ते एका वास्तुशांतीनं. रविवारी मुहूर्त, शुक्रवारी दुपारी माल निघाला. एप्रिलचे दिवस. टेम्पोचं चाक बसलं, दुसरी गाडी मिळेपर्यंत रात्र झाली, शनिवारी सकाळी माल उतरला. रचलेल्या तुकड्यांच्या मधोमध हात घातला तर उकिरड्यात हात घातल्यासारखं गरम लागलं. गवत कापलं तरी त्याचा श्वास चालू असतो. वारा नाही, थरावर थर, मग आतली ऊब वाढत जाते आणि गवत स्वतःच्याच उबेत शिजतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. पण रविवार होता, मुहूर्त होता, मी लावून टाकलं. पूजेला लोकांनी कौतुक केलं. बुधवारी फोन.

गेलो तर लॉन पिवळं पडलेलं, पण सगळं नाही. एक तुकडा हिरवा, शेजारचा पिवळा, पुढचे दोन हिरवे, मग तीन पिवळे. सारीपाट मांडल्यासारखं. ढिगाच्या कडेचे तुकडे जगले होते, पोटातले गेले होते, आणि आमच्या पोरांनी ते जसे हाताला लागले तसे कुठंही लावले होते. मालक माळ्यावर ओरडत होते की तू पाणी नीट दिलं नाहीस. कुठला माळी असं चौकोन सोडून पाणी देईल? मी तिथं उभा राहून हे पाहिलं आणि तोंड बंद ठेवलं. नंतर निम्मं लॉन माझ्या खर्चानं बदललं, पण माळ्याला बोलणी बसत होती तेव्हा मी बोललो नाही, हे अजून टोचतं.

तेव्हापासून मेलेल्या लॉनचा आकार आधी बघायची सवय लागली. चौकोन दिसला तर आजार तुकड्यातच होता, शेतातून किंवा गाडीतून आलेला. सरळ रेघ दिसली की माणूस शोधायचा: पाइप, पायवाट, फवारणीचा पट्टा, युरिया फेकणाऱ्याचा हात. वाटोळे ठिपके असतील तर बुरशी, किंवा कुत्रा. भिंतीच्या कडेनं पट्टा असेल तर भिंतीची धग. आणि आकार वेडावाकडा, बेटासारखा असेल तर पहार मागवायची, कारण उत्तर खाली असतं.

पहार हे माझं मुख्य हत्यार. हिरव्या भागात ती खुपसली तर हातभर जाते, आणि बाजूच्या पिवळ्या भागात दोन इंचांवर ‘टण’. नव्या बांधकामात हे हमखास. बिल्डर जाताना राडारोडा उचलत नाही, पसरतो. वर चार इंच लाल माती टाकली की सगळं गोजिरं दिसतं. एका ठिकाणी मेलेला भाग जवळजवळ गोल होता, व्यास आठ-नऊ फूट. मी बुरशी म्हणणार होतो. उकरलं तर खाली सिमेंट कालवायचा मिक्सर वर्षभर जिथं उभा होता ती जागा. सांडून घट्ट झालेल्या मालाचा अखंड पापुद्रा. मुळं त्याला टेकायची आणि उन्हाळ्यात भाजायची, पावसाळ्यात कुजायची. आता मी माती मोजतो तेव्हा आधी खालचं किती निघणार ते मोजतो. अठराशे चौरस फुटांवर चार इंच म्हणजे सहा ब्रास माती. हा हिशेब गिऱ्हाइकाला लगेच पटतो. पण त्याआधी दोन ट्रॅक्टर डबर बाहेर काढायचं आहे म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो, आणि मग ‘तो दुसरा माणूस नुसतं लावून देतो म्हणाला’ हे वाक्य येतं. येऊ दे.

एका सोसायटीत मात्र पहारेचा उपयोग झाला नाही, कारण दोषी कागद होता. पार्किंगच्या स्लॅबवर माती टाकून केलेली बाग. अशा ठिकाणी पाणी झिरपून जायला खाली जाळी आणि कापड घालतात, ते नीट होतं. लॉन मार्चमध्ये लावलं, सुरेख धरलं. जुलैअखेर ते काळपट, चिकट होऊन सडायला लागलं. पाणी जास्त झालं हे उघड होतं, पण पावसाळ्यात पाणी देणार कोण? माळी म्हणाला, मी देतो, तीन वेळा. पावसात? हो. का? त्यानं खोलीत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद आणला. माझ्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं: दिवसातून तीन वेळा पाणी द्यावे. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं. पहिल्या दहा दिवसांसाठी दिलेली सूचना त्या माणसानं चार महिने, छत्री धरून, इमानदारीनं पाळली होती. आता कागदावर आधी तारीख घालतो आणि मग बाकीचं लिहितो.

या माळ्यांशी बोलायला शिकणं हा धंद्याचा अर्धा भाग आहे. ‘पाणी देतोस का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येणार, नोकरीचा प्रश्न असतो. त्याऐवजी ‘पाणी किती वाजता येतं इथं?’ विचारावं. मग कळतं की महापालिकेचं पाणी सकाळी तासभर येतं, त्यात गाड्या धुवायच्या असतात, आणि बागेचा नंबर लागतो दुपारी एकला. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं. ते आधी कुठं पडतं? नळाजवळच्या गवतावर, रोज. नळाजवळच लॉन का मरतं याचं कोडं मला त्या चटक्यानं सुटलं. माळ्याला नुसतं सांगितलं की पहिलं पाणी कुंपणापलीकडं सोडत जा.

हुमणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण शेतकरी वाचक हसतील. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात, त्यांची अंडी जमिनीत, आणि श्रावण-भाद्रपदात पांढऱ्या, वाकड्या अळ्या मुळं खात बसतात. शेतात ऊस उपटून हातात येतो. बंगल्यात लॉन चटईसारखं गुंडाळून उचलता येतं. एका गृहस्थांनी साळुंक्या आणि कावळे लॉन उकरतात म्हणून सबंध बागेवर जाळी लावली होती. साळुंक्या त्यांच्याकडे फुकट नोकरी करत होत्या. मी जाळी काढायला सांगितली तर त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

मंगल कार्यालयांचं काय सांगावं. तिथं ‘लॉन्स’ हे नाव असतं आणि हिरव्या गवतावर हिरवंच कापड अंथरून तीन-तीन दिवस मांडव असतो. तिथं का मेलं हे शोधायला कुणी बोलावत नाही. फक्त पुढच्या मुहूर्ताआधी परत लावायला बोलावतात. माझ्या धंद्यातलं सगळ्यात बिनतक्रार गिऱ्हाईक.

हे सगळं शिकून झाल्यावर, म्हणजे धंद्याला नऊ वर्षं झाल्यावर, तो बंगला आला.

पुण्याच्या पश्चिमेला टेकडीच्या उतारावर. घरात साहेब, मॅडम आणि आजी. अठराशे फूट लॉन. मी सगळं नीट केलं. पहारेनं जमीन तपासली, डबर काढलं, सहा ब्रास माती, चांगलं कुजलेलं शेणखत, हलका उतार. गवत सिलेक्शन वन निवडलं. सिलेक्शन वन म्हणजे आपल्या हरळीचाच निवडलेला, बारीक पानाचा प्रकार. आजींनी लावताना विचारलं, “याच्या दूर्वा होतील का हो गणपतीला?” मी म्हटलं, होतील की. माल सकाळी काढला, दुपारी लावून संपवला. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. दहाव्या दिवशी कोपरा उचलून बघितला तर पांढरी, टोकदार मुळं खाली उतरलेली. मी निर्धास्त झालो.

मार्चच्या मध्यावर साडेसातचा फोन आला. घराच्या बाजूच्या बोळापासून सुरू होऊन उताराच्या दिशेनं रुंद होत गेलेला, जिभेच्या आकाराचा एक भाग तपकिरी झाला होता. निम्मं लॉन गेलेलं, उरलेलं टवटवीत. मी खाली वाकलो, पात हातात घेतलं, आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते होतं, “बुरशी आहे.”

बुरशी हे निदान फार सोयीचं असतं. ती कुणाला दिसत नाही, तिच्यामुळं कुणाला दोष लागत नाही, आणि तिच्यावर फवारायला काहीतरी असतं. मी दोनदा फवारणी केली. त्यात मेलेल्या गवताला काही फरक पडायचा प्रश्नच नव्हता. त्या जिभेच्या पृष्ठभागावर दुपारी एक पांढुरकी साय दिसायची. मी ती चुना समजलो, नुकताच रंग दिलेला होता. बोअरच्या पाण्यावर संशय आला म्हणून बागेच्या नळाचं पाणी खिशातल्या टीडीएसच्या काडीनं मोजलं. नऊशेच्या आसपास. भारी पाणी, पण हरळीला चालण्यासारखं. शिवाय तेच पाणी उरलेलं निम्मं लॉन पीत होतं आणि हसत होतं. बोळात जाताना एक गोष्ट आणखी पाहिली होती. खडे मिठाचं अर्धं पोतं. आजी घरात आहेत, कैऱ्या आल्या आहेत. मी मनात म्हटलं, लोणच्याची तयारी जोरात दिसते.

मेलेला भाग काढून, वरची दोन इंच माती बदलून, मी स्वतःच्या खर्चानं नवं गवत लावलं. त्या वर्षी मोटारसायकल बदलायची होती, ती राहिली. नवं गवत तीन आठवडे छान होतं. पाचव्या आठवड्यात तोच कोपरा, तीच जीभ.

एकदा मेलं तर शंभर कारणं असू शकतात. त्याच जागी, त्याच आकारात, तेवढ्याच दिवसांत दुसऱ्यांदा मेलं तर कारण एकच असतं आणि ते अजून तिथंच चालू असतं. हे मी आज मोठ्या तोऱ्यात सांगतो. तेव्हा मी त्या जिभेच्या कडेला उकिडवा बसलो होतो आणि मला एवढंच कळत होतं की आपल्याला काही येत नाही. साहेब ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, “तुम्हाला कारण माहीत नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्याला विचारतो.” नऊ वर्षांत मला कुणी इतकं साधं आणि इतकं लागणारं बोललं नव्हतं. मी म्हटलं, माहीत नाही. हे शब्द गिऱ्हाइकासमोर मी पहिल्यांदा उच्चारले.

आणि मग बाहेर फाटकाजवळ वॉचमनच्या खुर्चीशेजारी जाऊन बसलो. विडीकाडी चालली होती, गप्पा चालल्या होत्या. मी सहज म्हटलं, रात्री बागेत कुणी येतं का? तो म्हणाला, “माणूस नाही येत. पण दोनच्या सुमाराला पाणी पडल्याचा आवाज येतो बोळाच्या बाजूनं. रोज नाही. तीन-चार दिवसांनी.” त्यानं हे कुणाला सांगितलं होतं का? नाही. का नाही? “कुणी विचारलं नाही.”

पुढच्या दोन रात्री मी तिथं काढल्या. पहिल्या रात्री मच्छर. दुसऱ्या रात्री दोनला पाच मिनिटं कमी असताना बोळात खटका पडल्यासारखा आवाज झाला, मोटर घरघरली, आणि मग फरशीखालून बारीक झुळझुळ. बॅटरी घेऊन गेलो. लॉन जिथं सुरू होतं तिथं, फरशीच्या फटीखाली, अर्ध्या इंचाच्या पांढऱ्या पाइपाचं तोंड होतं. पाणी येत होतं, माझ्या सहा ब्रास मातीत मुरत होतं. काडी त्या पाण्यात बुडवली. ती नऊ हजार नऊशे नव्वदपर्यंत मोजते. आकडे पळाले आणि पडद्यावर नुसती चूक असल्याची खूण आली.

ते पाणी सॉफ्टनरचं होतं. बोअरचं पाणी जड असतं म्हणून मोठ्या घरांत हे यंत्र बसवतात. आतल्या बारीक मण्यांना पाण्यातला चुना चिकटतो, त्या बदल्यात मण्यांवरचं सोडियम पाण्यात उतरतं. मणी भरले की यंत्र त्यांना मिठाच्या दाट पाण्यानं धुतं, आणि ते धुवण बाहेर टाकतं. घरात पाणी वापरत नाहीत अशी वेळ म्हणून रात्री दोनची नेमून दिलेली. दर धुण्याला काही किलो मीठ. लोणच्याचं पोतं! ते धुवण ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जायला हवं होतं. चेंबर बोळाच्या दुसऱ्या टोकाला होता, मध्ये बारा-तेरा फूट फरशी फोडावी लागली असती. ज्यानं कुणी पाइप टाकला त्यानं तो जवळच्या मातीत सोडून वर फरशी बसवली. मातीत पाणी मुरतं, दिसत नाही, संपलं काम. त्याला दोष द्यायला मी कोण? मीही बुरशी म्हणून फवारलंच होतं.

एक गोष्ट मला त्या रात्रीपासून आजवर सोडत नाही. मी मूळचा इंदापूर तालुक्यातला. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळात आला, त्याच्यामागून ऊस आला, पाणी दाबून दिलं गेलं, आणि माझ्या लहानपणी आमच्या खालच्या वावराला उन्हाळ्यात पांढरी साय धरायची. क्षारपड. त्या मातीवर अनवाणी चाललं की टाचांच्या भेगांत झोंबायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, ढेकूळ उचलून जिभेला लावायचे आणि थुंकायचे. मी ती पांढरी साय रोज बघत वाढलो. पुण्याच्या बंगल्यात तीच साय डोळ्यांसमोर होती, दोन महिने, आणि मी तिला चुना म्हणालो. कारण बंगल्यात क्षारपड कशी असेल? क्षारपड गावाकडं असते. बंगल्यात टीडीएसची काडी असते, बुरशी असते, सिलेक्शन वन असतं. गाव सोडताना जे मागं टाकलं त्यात काय काय होतं, याचा हिशेब मी त्या रात्री बोळात बसून केला.

पुढचं काम सोपं होतं. फरशी फोडून पाइप चेंबरपर्यंत नेला. जिभेच्या भागातली फूटभर माती काढून टाकली. खालच्या मातीत जिप्सम घातलं. त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेलं सोडियम सुटं करतं, पण सुटं झालेलं वाहून न्यायला वरून गोडं पाणी आणि खालून वाट लागते. वाट म्हणून उताराच्या टोकाला चर खणला. पाण्याचं काम पावसाळ्यावर सोडलं. साहेबांना सांगितलं, सप्टेंबरपर्यंत ही जागा अशीच उघडी राहील, घरी पाहुणे आले तर वाईट दिसेल. ते म्हणाले, दिसू दे. सप्टेंबरात लावलं, आजतागायत आहे. त्या वर्षी आजींनी दूर्वा बाजारातून आणल्या, पुढच्या वर्षी अंगणातून घेतल्या. दुसऱ्या लावणीचे निम्मे पैसे साहेबांनी न मागता दिले. मी घेतले. घ्यायला नको होते असं कधी वाटतं, कधी नाही.

पाइप सापडला त्या आठवड्यात मी गावी गेलो होतो. जाताना त्या कोपऱ्यातलं ढेकूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेलं. उपाय विचारायचा होता हे खरं, पण तेवढ्यासाठी फोन पुरला असता. आप्पा ओट्यावर बसले होते. पिशवी सोडून ढेकूळ हातात दिलं. त्यांनी काही विचारलं नाही, कडेचा तुकडा मोडला, जिभेला लावला आणि अंगणात लांब थुंकले.

“कुणाचं रान रं हे? पार गेलंय.”

“रान नाही आप्पा, बंगला आहे. पुण्यातला.”

“किती हाय?”

“अठराशे फूट. दोन गुंठ्यांच्याही आत.”

त्यांनी चर सांगितला, जिप्सम सांगितलं, जागा असती तर धैंचा गाडायला सांगितला असता तेही सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. मग चहा आला. बशीत ओतता ओतता ते थांबले.

“लावलं काय व्हतं त्यात?”

“हरळी.”

“हरळी?” त्यांनी बशी खाली ठेवली. आमच्या वावरात हरळी होती. दरवर्षी नांगरामागं कुळव, कुळवामागं आम्ही सगळे टोपल्या घेऊन तिच्या काशा वेचायचो, बांधावर वाळवून जाळायचो, आणि पुढच्या आषाढात ती परत हजर. आप्पांच्या बापाचं आयुष्य त्यात गेलं होतं, आप्पांचं जात होतं.

“हरळी मेली?”

“मेली.”

“किती दिवसांत?”

“पाच आठवडे.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग जरा पुढं सरकून, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, “आमच्या दोन पिढ्यांची कंबार मोडली ती मारता मारता. कशी मारलीस ते नीट सांग.”